गोळीत लोखंड किती

"जीभ बघा डाक्टर हिची. चुना फासल्यावानी पांढरी. आन म्हणती, गोळ्या खाल्ल्या."

ठकूआत्यांनी सुनेची हनुवटी धरून तिचं तोंड डॉक्टरांकडे वळवलं, बाजारात बैलाचे दात दाखवतात तसं. सून छबू. सातवा महिना सरत आलेला. जीभ बाहेर ठेवूनच ती काहीतरी म्हणाली.

"जीभ आत घे, मग बोल," लोंढे सिस्टर म्हणाल्या.

छबूनं जीभ आत घेतली. "खाल्ल्या."

केरवडीच्या आरोग्य केंद्रात गुरुवार हा पोटुशा बायकांचा वार. पडवीत दहा-बाराजणी पाय पसरून बसलेल्या, आणि आत काय चाललंय ते ऐकू यावं म्हणून सगळ्या गप्प. मी खिडकीशी पुड्या बांधत होते. माझ्या नेमणुकीच्या कागदावर 'अंशकालीन स्त्री परिचर' असं लिहिलेलं होतं. म्हणजे झाडायचं, पुसायचं, सुया उकळायच्या आणि हाक आली की पळायचं. औषधं देणाऱ्याची जागा दोन वर्षं रिकामी होती, म्हणून गोळ्यांची खिडकीही माझ्याच गळ्यात पडलेली. वय तीस. पण दवाखान्यात झाडू हातात घेतला की बाई त्याच दिवशी मावशी होते. पन्नाशीच्या लोंढे सिस्टरसुद्धा मला मावशीच म्हणायच्या.

डॉक्टर निमकरांनी रक्ताची नळी खिडकीच्या उजेडात धरली, रंग जुळवला, परत जुळवला.

"साडेसात," ते म्हणाले. "आषाढात किती होतं मावशी?"

मी रजिस्टर उघडलं. "आठ."

"म्हणजे वाढायचं सोडून उतरलंय. छबू, रोज एक लोहाची गोळी खाल्ली असती ना, तर आज दहाच्या पुढं असतीस."

"खाल्ल्या," छबू म्हणाली. तिचं सगळं बोलणं त्या दिवशी या एका शब्दात होतं.

"न्हाई खाल्ल्या!" आत्यांचा आवाज चिरका झाला. "माझी लेक कमल अशीच पांढरी पडून गेली, डाक्टर. पहिल्याच बाळंतपणात. गोधडी पिळली तर रगात निघंल, असं गेलं तिचं. हिला सगळं ठावं हाय. तरी गोळ्या उकिरड्यावर टाकती आन माझ्या म्होरं खोटं बोलती. मला आता दुसरं मढं न्हाई बघायचं."

पडवीतल्या दोघी-तिघी दाराकडे सरकल्या.

मला छबूची दया आली. वाटलं, आपण हिला सोडवू. लोहाच्या गोळ्या वाटून वाटून मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. ती गोळी पोटात गेली, की दुसऱ्या दिवशी तिचा रंग दिसतो. बायका येऊन तक्रार करायच्या, मावशी, डांबरासारखं होतंय. मग मी सांगायची, होऊ दे, गोळी लागू पडतीय. मी खिडकीतूनच विचारलं, "छबू, परसाकडला काळं होतं का गं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. हो म्हणाली असती तर तिथंच सुटली असती. पण तिनं विचार केला आणि खरं ते सांगितलं.

"न्हाई. नेहमीसारखंच होतंय."

"झालं!" लोंढे सिस्टरांनी टाळीच वाजवली. "मावशीनं एका प्रश्नात चोर पकडला. मावशी, पोलिसात जा तुम्ही."

डॉक्टरांनी हात धुतले. ते शहरातले, तरुण, वर्ष झालं नव्हतं येऊन. मनानं चांगले, पण दुपारपर्यंत थकून जायचे. "आत्या, गोळी तुमच्यासमोर गिळायला लावा. महिनाभर. खाऊनसुद्धा वाढलं नसतं, तर मी आजच कराडला पाठवलं असतं, रक्त द्यायला. पण खाल्लीच नाही तर कराडचे डॉक्टर तरी काय करणार?"

"महिनाभर मी राखण करत बसू व्हय? शेंगा काढायला आल्यात. ऐतवारी यष्टीत बसवती हिला. माहेरी जाऊन बाळंत व्हायचं. आन तिकडंच ऱ्हायचं."

"तिच्या माहेरी जवळ दवाखाना आहे?"

"डोंगर हाय," आत्या म्हणाल्या.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "लिहा मावशी. गोळ्या घेत नाही."

आणि मी ते लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे.

दुपारी दोनला केंद्र रिकामं झालं. मी सुया उकळत ठेवल्या आणि बसले. मनातून ती 'न्हाई' जात नव्हती. गोळ्या उकिरड्यावर टाकणारी बाई इतकी बावळट नसते. टाकणारीला तर सगळी उत्तरं पाठ असतात.

मग डोक्यात एक वेगळीच गोष्ट आली. आषाढापासून काळ्या रंगाची तक्रार घेऊन माझ्या खिडकीशी एकही बाई आली नव्हती. एकही. त्याआधी दर आठवड्याला दोघी-तिघी तरी यायच्या. पोट धरलंय, मळमळतंय, तोंडात खिळे ठेवल्यासारखं होतंय. आणि मी येडी खूश होते, की या नव्या गोळ्या सोसतात बायकांना.

नव्या गोळ्या. आषाढात सरकारी गोळ्या संपल्या, पुढच्या येईनात. तेव्हा शहरातल्या एका मंडळानं दोन खोकी भरून गोळ्या धर्मादाय दिल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, लोहाच्याच आहेत, तशीच रोज एक द्या. मी तशीच रोज एक देत आले होते.

मी कपाटातून जुनी रिकामी बाटली काढली. तीत आम्ही चिंध्या ठेवायचो. नवीही काढली. इंग्रजी मला अक्षरं जुळवून येतं. जुनीवर लिहिलं होतं, फेरस सल्फेट, तीनशे पस्तीस मिलिग्रॅम, आणि खाली बारीक अक्षरात, म्हणजे लोह शंभर मिलिग्रॅम. नवीवर फेरस ग्लुकोनेट, तीनशे मिलिग्रॅम. खाली काहीच नाही.

आता हे मला कसं कळलं असं विचाराल. मी सातवी पास. पण गोळ्यांच्या पुड्या बांधायला शाळेतून जी रद्दी यायची, तीत त्या पावसाळ्यात नववीच्या विज्ञानाची पुस्तकं आली होती. पान फाडताना नजर जायची, मग वाचायची, मग फाडायचं राहून जायचं. लोंढे सिस्टर ओरडायच्या, "मावशी, गोळ्या बांधा, परीक्षेला नाही बसायचं." एका पानावर 'मूलद्रव्यांचे शेकडा प्रमाण' असा मथळा होता. चुनखडीचं उदाहरण. कॅल्शियमचा अणुभार चाळीस, कार्बनचा बारा, ऑक्सिजनचा सोळा, तो तीनदा म्हणजे अठ्ठेचाळीस. सगळे मिळून शंभर. 'म्हणून कॅल्शियमचे शेकडा प्रमाण =' आणि पान संपलं. पुढचं पान आदल्याच दिवशी कुणाच्या तरी खोकल्याच्या गोळ्यांबरोबर गेलं होतं.

तीन दिवस मी त्या उत्तराच्या मागे होते. भाकरी थापताना, लादी पुसताना. मग कळलं, उत्तर समोरच आहे. शंभरात चाळीस. एखादा पदार्थ कितीही मोठा असो, त्यात आपल्याला हवं ते किती, हे अणूंच्या वजनानं काढता येतं. मग त्याच पुस्तकातल्या अणुभारांच्या तक्त्यावरून मी पाण्याचं काढलं, मिठाचं काढलं, खायच्या सोड्याचं काढलं. सगळ्यांची टक्केवारी काढायची आणि बेरीज करायची. शंभर आली की आपण बरोबर. मला तपासायला मास्तर लागत नव्हता, बेरीज होती.

डॉक्टरांच्या टेबलावर औषधांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक असायचं. त्यात ग्लुकोनेट शोधायला मला पाऊण तास लागला. सूत्र मात्र बघताक्षणी वाचता आलं. त्याला इंग्रजी लागत नाही, एबीसीडी आणि पाढे पुरतात. कार्बन बारा, हायड्रोजन बावीस, लोह एक, ऑक्सिजन चौदा. मग एक टिंब.

बारा बारे एकशे चव्वेचाळीस. हायड्रोजनचे बावीस. लोहाचा अणुभार छप्पन्न. ऑक्सिजनचे सोळा चौदे दोनशे चोवीस. सगळे मिळून चारशे सेहेचाळीस. त्यात लोखंड फक्त छप्पन्न. म्हणजे शंभरात साडेबारा.

मी बाकीच्यांचीही टक्केवारी काढली आणि बेरीज केली. शंभर.

तीनशे मिलिग्रॅमच्या गोळीत लोखंड साडेसदतीस मिलिग्रॅम. जुन्या गोळीत शंभर. सुया उकळून उकळून भांडं कोरडं पडायला आलं होतं, ते मी उतरवलं. मग रजिस्टर काढून एकेचाळीस बायकांचे आकडे वाचले. आषाढाच्या आधी ज्यांनी गोळ्या सुरू केल्या, त्यांचं रक्त महिन्याला एकेकानं चढलेलं. नंतरच्यांचं जिथल्या तिथं, नाहीतर खाली.

शुक्रवारी सकाळी डॉक्टर चहा घेत होते. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"काय आहे हे?"

"छबू गोळ्या खातीय."

त्यांनी कागद बघितला, मग मला. "मावशी, आधीची गोळी तीनशे पस्तीसची, ही तीनशेची. पस्तीसचा फरक. त्यानं काय होतंय?"

"ते गोळीचं वजन झालं. आतल्या लोखंडाचं सांगा."

"लोहाचं..." ते म्हणाले आणि थांबले. चहाचा कप बशीत ठेवला. खिशातून पेन काढून माझ्या आकड्यांवरून एकेक खाली उतरत गेले. ओठ हलत होते. शेवटी साडेबारावर पेन टेकवून बसले.

लोंढे सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय हो डॉक्टर, मावशीनं राजीनामा दिला का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले, "मला द्यायला लावतात बहुतेक." मग माझ्याकडे वळून, "हे शिकवलं कुणी तुम्हाला?"

"खोकल्याच्या गोळ्यांनी."

त्यांना ते कळलं नाही, आणि मी समजावत बसले नाही. रजिस्टर उघडून एकेचाळीस आकड्यांवरून बोट फिरवलं. ते वाचत गेले तसा त्यांचा चेहरा उतरला. तरुण माणसाचा चेहरा लवकर उतरतो.

"मी सांगितलं होतं तशीच एक द्या म्हणून," ते म्हणाले.

"अन मी दिली," मी म्हणाले. "आणि काल लिहिलंही. आता रडून काय करता? उद्याचा एकच दिवस आहे. परवा ती एसटीत बसेल."

"आज दुपारी जाऊ. तुम्ही चला माझ्याबरोबर. त्या आत्यांपुढं एकट्यानं उभं राहायची माझी छाती नाही."

ठकूआत्यांचं, म्हणजे शेडग्यांचं खळं डोंगराच्या पायथ्याला. भुईमुगाच्या वेलांचा ढीग लागलेला, आणि ढिगाभोवती बसून ठकूआत्या आणि छबू शेंगा तोडत होत्या. दोघींत चार हातांचं अंतर आणि बोलणं शून्य. छबूच्या मागे भिंतीला टेकून तिची पिशवी उभी होती, बांधून तयार.

"आलासा?" आत्या म्हणाल्या, वर न बघता. "आता काय समजुती घालायच्या ऱ्हायल्यात?"

डॉक्टर उभ्या उभ्याच म्हणाले, "आत्या, चूक माझी आहे. छबू खरं सांगत होती. तिनं गोळ्या खाल्ल्यात."

छबूचे हात थांबले. आत्यांचे थांबले नाहीत.

"तुमी शिकल्याली माणसं. पोरगी रडली की इरघळता. मग रगात का वाढंना?"

"कारण या गोळीत मूलद्रव्य स्वरूपातलं लोह कमी आहे. म्हणजे असं बघा, संयुगाच्या एकूण वस्तुमानापैकी..."

"शालन," आत्या मला म्हणाल्या, "ह्यास्नी पाणी दे. ऊन लागलंय."

मी ढिगाशेजारी बसले. ओंजळभर शेंगा उचलल्या. "आत्या, शेरभर शेंगा घेतल्या तर दाणं शेरभर निघतात का?"

"टरफलं काय तुझा बाप खाईल?"

"तसंच आहे. गोळी म्हणजे शेंग. लोखंड म्हणजे आतला दाणा. आपण गोळ्या मोजत बसलो, दाणं मोजलंच नाहीत. जुन्या शेंगेत दाणा भरलेला होता. ही नवी शेंग नुसती टरफलाची. शंभरात साडेबारा दाणं. छबूनं रोज शेंग खाल्लीय, आत काही नव्हतं त्याला ती काय करणार?"

आत्यांनी पहिल्यांदाच हात थांबवले. एक शेंग बोटांत दाबून फोडली, आत बघितलं. मग मला विचारलं, "शेंगा वल्ल्या का वाळल्याल्या?"

"काय?"

"शेरभर म्हणतीस. वल्ल्या शेंगांचा शेर येगळा, वाळल्याल्यांचा येगळा. वल्ल्यात निम्मं तर पाणीच आसतंय. पाणी धरलंस का?"

मला ते टिंब आठवलं.

"डॉक्टर," मी म्हणाले, "तुमच्या पुस्तकात त्या सूत्रात ऑक्सिजनच्या चौदानंतर एक टिंब आहे. त्याच्या पुढं काय आहे?"

"कुठलं टिंब?"

"आहे. त्याच्या पुढंही काही अक्षरं होती. मी ती घेतलीच नाहीत. मला वाटलं टिंब म्हणजे पूर्णविराम. वाक्य संपलं."

डॉक्टरांनी डोळे मिटले. पुस्तकाचं पान त्यांना तसं दिसत असावं. "टू एच टू ओ," ते सावकाश म्हणाले. "पाण्याचे दोन रेणू. मावशी, तो पूर्णविराम नाही. त्या टिंबानंतर स्फटिकातलं पाणी लिहितात." आणि मग ते हसायलाच लागले, कपाळाला हात लावून. "मी तुमचे आकडे तपासले, पण सूत्र तुमच्याच कागदावरचं घेतलं. तुम्ही जिथं थांबलात तिथंच मीही थांबलो."

माझी बेरीज शंभर आली होती. तिनं मला फसवलं नव्हतं. जेवढं मी धरलं होतं तेवढ्याची शंभर तिनं दिली. जे मी धरलंच नाही, ते तिला कुठून कळणार?

डॉक्टरांचं पेन घेतलं आणि तळहातावरच मांडलं. पाण्याचे दोन रेणू, अठरा दुणे छत्तीस. चारशे सेहेचाळीस आणि छत्तीस, चारशे ब्याऐंशी. छप्पन्नला त्यानं भागलं... नाही, छप्पन्नला शंभरानं गुणून मग भागलं. साडेअकराच्या किंचित वर.

"आणखी कमी झालं," मी आत्यांना सांगितलं. "तीनशेच्या गोळीत जेमतेम पस्तीस. तुमचं पाणी धरून."

"आन आदीच्या गोळीत?"

"शंभर."

आत्यांनी पुढ्यातल्या शेंगा बाजूला सारून जागा केली. एक शेंग ठेवली. तिच्याशेजारी तीन शेंगा ठेवल्या.

"म्हंजी हिनं तीन खाव्यात तवा एकीचं."

"हो."

"आन ही रोज एकच खाईत ऱ्हायली."

"आम्ही एकच दिली म्हणून," डॉक्टर म्हणाले.

छबू मान खाली घालून शेंगा तोडत होती. तिच्या गालावरून पाणी ओघळून शेंगांवर पडत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. रडायला हात मोकळा सोडावा, एवढी चैन तिला परवडत नसावी. आत्या तिच्याकडे बघत होत्या. आमच्याकडची सासू सुनेची माफी मागत नाही. तसा शब्दच नाही आमच्याकडे. आत्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, घरात गेल्या, तांब्या घेऊन आल्या आणि तो छबूपुढे आपटला.

"पी. कवाधरनं उन्हात बसलीयास. कुणी बसाय सांगितलंय?" मग डॉक्टरांना, "कराडला तुमची जीप कवा जाती?"

"उद्या सकाळी सहाला. पण आत्या, तिथं रक्त द्यावं लागेल. घरातलं कुणीतरी..."

"मी हाय की. माझ्यात काय टरफलंच हायत व्हय?"

छबूला हसू फुटलं. रडता रडता, पाणी पिता पिता. ठसका लागला. आत्यांनी तिच्या पाठीत एक धपका घातला, आणि दुसरा घालायला उचललेला हात पाठीवरच राहू दिला. भिंतीजवळची पिशवी त्यांनी जाता जाता उचलून आत टाकली.

आत्यांचं रक्त जुळलं नाही, छबूच्या नवऱ्याचं जुळलं. कराडला एक बाटली चढली, वर लोहाची इंजेक्शनं. उरलेल्या चाळीस बायकांच्या घरी मी आणि लोंढे सिस्टर सहा दिवस चाललो. नव्या गोळ्या येईपर्यंत त्याच तीन-तीन खा म्हणून सांगत. "दाणं कमी आहेत" एवढं म्हटलं की बायकांना कळायचं. आठ दिवसांत खिडकीशी तक्रारी सुरू झाल्या, आणि मला त्या मंगलाष्टकांसारख्या गोड लागल्या. डॉक्टरांनी मंडळाला पत्र लिहिलं, खाली माझंही नाव घातलं. हुद्दा काय घालायचा ते त्यांना कळेना. मी म्हटलं, आहे तोच घाला, परिचर काही वाईट शब्द नाही. रजिस्टरातली ती ओळ मी पट्टी धरून खोडली आणि बाजूला सही केली. नियम तसाच आहे. खोडलेलं वाचता आलं पाहिजे.

मार्गशीर्षात छबू बाळंत झाली. मुलगी. दोघी धड.

माघात लसीकरणाचा दिवस होता. पडवीत वीस-पंचवीस बायका, त्यांची पोरं, आणि मधोमध नात मांडीवर घेऊन ठकूआत्या. मी आत सुया मोजत होते, पण आत्यांचा आवाज ऐकायला पडवीत यायची कुणाला गरज नव्हती.

"गोळी कंची हाय ते इचारा आदी," त्या एका नव्या पोटुशीला सांगत होत्या. "नुसती गोळी घिऊ नगा. तीत लोखंड किती ते इचारा. शंभरात साडेअकरा म्हणलं की परत करा. पाण्याचं कुणालाच सुधरलं नव्हतं, ना हिला ना डाक्टरला. म्या काढलं."

"काढलं की हो," मी आतून म्हणाले.

"आन आमची छबू," आत्यांनी आवाज आणखी वर चढवला. सून शेजारीच बसली होती, पण सांगणं मात्र पडवीच्या पार टोकाला चाललेलं. "साडेतीन म्हयनं गोळ्या खाल्ल्या. रोजच्या रोज. माणसं काय काय बोलली तिला. बोलणारी मी बी व्हते. पर पोरीनं एक गोळी चुकवली न्हाई. अशी सून हाय माझी. एक न्हाई चुकवली."

"एक चुकवली," छबू म्हणाली.

मी सुई हातात धरून दारात आले.

छबू पदराशी चाळा करत होती, पण मान वर होती. "पंचमीला. माहेरी गेल्ते. झोका खेळायच्या नादात इसरले."

आत्यांनी तिच्याकडे बघितलं. मग आम्हा सगळ्यांकडे. मग नातीचं टोपडं कानावर ओढलं.

"गप बस गं. एका गोळीत आसतंय किती? पस्तीस. त्ये बी मिलिग्रॅम."